मनगटाखालची उशी

मी एक जुनी उशी आहे, पण झोपायची नव्हे. माझी लांबी जेमतेम वीतभर, उंची चार बोटं, आणि पोटात भाताचा कोंडा ठासून भरलेला. माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकलेलं नाही. मनगटं मात्र हजारोंनी टेकली. नाडी बघताना हात अधांतरी राहू नये म्हणून त्याच्याखाली सरकवतात ती मी. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी गप्प राहिले, कारण उशीने गप्पच राहायचं असतं. आता मात्र राहवत नाही.

मला काकूंनी शिवलं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, तेव्हा नुकतेच शिकून आले होते. आपल्या गुरूंकडे सहा वर्षं राहून त्यांनी चिनी वैद्यक शिकून घेतलं होतं: सुया टोचणं, नाडी आणि जीभ बघणं, काढे देणं. दोघांनी एका गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि पडद्याआड दोन पलंग. मागच्या खोलीत छताला भिडलेलं औषधांचं कपाट, त्याला एकशे आठ खण. टेबलावर नाडीची उशी हवी, असं काका म्हणाले. काकूंनी जुन्या निळ्या पडद्याचा तुकडा काढला, कोंडा चाळून उन्हात वाळवला आणि एका दुपारीत मला उभं केलं. "फार कडक नको, फार मऊ नको," काका सांगत होते. "अहो, उशी आहे ती, भात नाही," काकू म्हणाल्या आणि दात लावून दोरा तोडला. माझ्या जन्माची हकिकत एवढीच.

पहिलं वर्ष रडतखडत गेलं. मग एका बसचालकाची आखडलेली मान सुटली. चार महिने तो मान न वळवता बस चालवत होता. काकांनी त्याच्या हातावर, पायावर आणि कानामागे सुया लावल्या. दुखतंय मानेत आणि टोचतोय पायात, म्हणून तो आधी चिडला होता. तिसऱ्या खेपेला तो मान वळवून काकूंना नमस्कार करून गेला आणि त्याने सगळ्या डेपोत दवंडी पिटली. तेव्हापासून काकांचं नाव पडलं 'सुईवाले काका'. काकू आपोआप काकू झाल्या.

खरं सांगते, काकांच्या हाताला गुण होता. आणि गुण नुसत्या सुयांचा नव्हता. ते माणसाला समोर बसवत, त्याचं मनगट माझ्यावर ठेवत, तीन बोटं टेकवत आणि विचारायला लागत. झोप कशी लागते? भूक लागते की सवयीने जेवता? हातपाय गार पडतात का? दम लागतो का? तहान? घाम? मग शेवटचा प्रश्न ठरलेला: जेवायला सोबत कोण असतं? हा प्रश्न ऐकून कितीतरी लोक माझ्यावर हात ठेवूनच रडले आहेत. माझी निळी खोळ त्यांच्या आसवांनीच विटली असं म्हटलं तरी चालेल. काका म्हणत, "दुखतो एक अवयव, पण आजारी पडतो तो सगळा माणूस." हे वाक्य त्यांनी छान अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं.

आणि ते थापाडे नव्हते, हेही सांगायला हवं. आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही, याची त्यांना पक्की जाण होती. कुणाची नाडी मधेच ठोका गाळायला लागली की ते बोटं उचलत आणि सुयांचा डबा बंद करत. "हे माझं काम नाही. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. उद्या नाही, आज." मागे एक पाववाला तीन वेळा सांगूनही जाईना, तर काका दुकान बंद करून त्याला स्वतः घेऊन गेले. तो पाववाला आजही पाव भाजतो आहे.

मागच्या खोलीत काय चालायचं, ते मला नुसतं ऐकू यायचं. खण ओढल्याचा आवाज, तराजूची साखळी, पातेल्याचं झाकण. काढे काकू उकळत, पुड्या काकू बांधत, वापरलेल्या सुया मोजून उकळायच्या डब्यात काकू टाकत, पलंगावरच्या चादरी काकू धूत. पेशंट पलंगावर सुया लावून पडलेला असला की दर पाच मिनिटांनी पडदा सरकवून "बरं वाटतंय ना?" असं काकूच विचारत. दुपारी काका जेवायला बसत तेव्हा काकू पुढच्या खोलीत थांबत, आणि काकू जेवत तेव्हा काका दुसऱ्या पाळीला बसलेले असत. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. एकोणीस वर्षांत त्या बाईचं मनगट माझ्यावर एकदाही आलं नाही.

त्याला कारण होतं. काकांच्या गुरूंचा एक नियम होता. मी तो त्यांच्याच तोंडून ऐकलाय, कारण एकदा ते म्हातारे गृहस्थ दुकान बघायला आले होते आणि माझ्यावर कोपर टेकून बसले होते. ते म्हणाले, "घरच्या माणसाची नाडी आपण बघायची नाही. माया असते, भीती असते, बोटं खोटं बोलतात. घरच्याला त्याच दिवशी दुसऱ्याकडे न्यायचं." काकांनी मान डोलावली. पण नियमाची पहिली दोन वाक्यं त्यांच्या लक्षात राहिली आणि तिसरं बहुधा चहाबरोबर पोटात गेलं.

मग ते वर्ष आलं. काकांना एका सभागृहात भाषणाला बोलावलं होतं, विषय 'माणसाकडे समग्र पाहण्याची दृष्टी'. नवा सदरा घालून ते दुपारीच निघाले. दुकान रिकामं होतं. काकू मागच्या खोलीतून आल्या, पेशंटच्या खुर्चीशी थबकल्या, पण तीत बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी डावं मनगट माझ्यावर ठेवलं आणि उजव्या हाताची तीन बोटं त्यावर टेकवली. मला त्यांचा ठोका लागला. तीन नीट, मग एक गायब. पुन्हा दोन, आणि एक गायब. असली नाडी मला ओळखीची होती, त्या पाववाल्याची. काकूंनाही ओळखीची असणार, कारण त्यांनी लगेच हात काढून घेतला आणि पदराने मला पुसलं.

संध्याकाळी काका खुशीत परतले. काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो, माझा ठोका चुकतोय. दुपारी बघितला मी."

"स्वतःची नाडी स्वतः बघायची नसते गं," काका हसून म्हणाले. "मन घाबरलं की बोटांना काहीही लागतं. माझा गुरुभाऊ आहे ना, पुढच्या सोमवारी त्याच्याकडे जाऊ." मग त्यांनी भाषणाला किती माणसं होती ते सांगायला घेतलं.

सोमवारी दुकानात बावीस पेशंट होते. त्याच्या पुढच्या सोमवारी सव्वीस.

गल्लीतली शिंपीण दर बुधवारी खांद्याला सुया लावून घ्यायला यायची. बाई तोंडाची फटकळ, पण नजर तिची मापं घेण्यात मुरलेली. एक दिवस पैसे देताना ती काकूंच्या पायांकडे बघत राहिली. "काकू, चप्पल रुततेय तुम्हाला. पाय सुजलेत." मग काकांकडे वळून म्हणाली, "आम्हाला जेवायला कोण असतं ते विचारता. यांच्या पायांकडे बघा की जरा."

त्या संध्याकाळी काकूंनी दुसऱ्यांदा विषय काढला. "पाय सुजतात. कपाटाच्या शिडीवर दोन पायऱ्या चढले की धाप लागते. मी आपली मोठ्या दवाखान्यात जाऊन येते उद्या."

काका सुया उकळत्या पाण्यातून काढत होते. ते चेष्टेच्या सुरात म्हणाले, "सुईवाल्याची बायको तिथल्या रांगेत उभी राहिली तर लोक काय म्हणतील? अगं, दिवसभर उभी असतेस, सुजणारच. नेतो म्हटलंय ना गुरुभावाकडे." काकू हसल्या. मित्रांनो, मला त्या हसण्याचा आजही राग येतो. आणि त्या चेष्टेचा तर इतका राग येतो की पोटातला कोंडा पेटेल असं वाटतं. काका दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला बरं झालं असतं, एकदाचा राग राग करून मोकळी झाले असते. त्यांना खरंच वाटत होतं की काकू म्हणजे दुकानाच्या भिंतीसारख्या, त्यांना काय होणार आहे.

काकू दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. चौकशीला आलेल्या शिंपिणीला त्या म्हणाल्या, "माझं नाव तिथल्या वहीत लागलं की इथे बोभाटा होईल गं. एवढ्या कष्टाने उभं केलंय." आपल्या जिवापेक्षा त्यांना दुकानाची अब्रू मोठी वाटली. हेही मला लपवायचं नाही.

सात महिने गेले. एका सकाळी, दार उघडायच्या आधी, मागच्या खोलीत शिडी सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. काकू भिंत धरत पुढे आल्या. या वेळी मात्र त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या. हात माझ्यावर टाकला आणि म्हणाल्या, "बघा. नियम राहू द्या."

काका समोर बसले. सवयीने त्यांनी नवीन पेशंटसाठी ठेवलेलं कोरं कार्ड पुढे ओढलं आणि पेन उघडलं. पण विचारायला तोंड उघडण्याआधीच काकू बोलायला लागल्या. प्रश्न त्यांना पाठ होते. एकोणीस वर्षं पडद्याआडून ऐकले होते.

"झोप नाही. आडवं झालं की श्वास कोंडतो, भिंतीला टेकून बसते. तुम्ही घोरत असता. भूक नाही. तहान आहे, पण पाणी पिववत नाही. हातपाय गार. दम दोन पायऱ्यांना लागतो, गेल्या महिन्यापासून बसल्याजागीही लागतो. घाम पहाटे येतो." त्या थांबल्या, दोन श्वास घेतले. "आणि जेवायला सोबत कुणी नसतं. तेही लिहा."

काकांनी ते लिहिलं. मग पेन ठेवून त्यांनी तीन बोटं टेकवली. बोटं अशी थरथरत होती की काकूंचा ठोका कुठला आणि त्यांची थरथर कुठली, हे मलाही कळेना. बारा वर्षांच्या मुलीपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना वाचणारी ती बोटं बायकोच्या मनगटावर ठार अडाणी निघाली. गुरू खोटं बोलले नव्हते.

शिंपिणीने गाडी आणली. काकूंना मोठ्या दवाखान्यात नेलं. पुढचं मी शिंपिणीच्या तोंडून ऐकलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर शस्त्रक्रिया करता आली असती. काकू नऊ दिवस होत्या. नवव्या दिवशी गेल्या.

दुकान दोन महिने बंद राहिलं, मग उघडलं. आता मागच्या खोलीत पगारी बाई आहे. काका पूर्वीपेक्षा जास्त वेळ नाडी बघतात, पूर्वीपेक्षा हळू विचारतात. लोक म्हणतात, दुःखाने काकांचा हात आणखी जाणता झाला. हे कौतुक ऐकलं की मला माझी शिवण उसवून टाकावीशी वाटते. एका बाईचा जीव खर्ची पडावा आणि त्यातून तुमच्या हाताला जाणतेपण यावं, हा कुठला हिशोब?

मागच्या महिन्यात त्यांना पुन्हा भाषणाला बोलावलं. या वेळी ते दाखवायला म्हणून मलाही पिशवीत घालून घेऊन गेले. उंच टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी मला ठेवलं. काकांनी काकूंची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. समग्र उपचार घरापासून सुरू करा, असं शेवटी म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मलाही क्षणभर वाटलं, चला, शेवटी यांना कळलं.

मग मागून एका तरुण मुलीने उभं राहून विचारलं, "त्यांना एवढा त्रास होत होता, तर त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत का?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. "नाही," ते म्हणाले. "ती कधी काही बोललीच नाही. सगळं मुकाट्याने सोसलं तिने. तशीच होती ती."

सभागृहात हळहळ पसरली. केवढी सोशीक बाई, असं कुणीतरी म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस दुखतंय म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच दिवशी त्याला घेऊन निघा. सोमवारची वाट बघू नका. आणि नाहीच जमलं, उशीर झालाच, तर निदान नंतर त्याच्यावर मुकेपणाचा आळ घेऊ नका. काकू बोलल्या होत्या. दोनदा बोलल्या आणि तिसऱ्यांदा हात पुढे करून बोलल्या. तिन्ही वेळा मी तिथेच, टेबलावर होते.