दाढांमागे डोकावणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात चेहरा बघायला जाल, तर फार तर एक भुवई दिसेल. नखाहून थोडी मोठी गोल काच आणि तिला तिरका जोडलेला स्टीलचा दांडा, एवढाच माझा संसार. दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या हातात मी आयुष्य काढलं. वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू तुम्ही कधी पाहिली आहे का? मी हजारो पाहिल्या आहेत.

ओल्या हातातून निसटू नये म्हणून कारखान्यात माझ्या दांड्यावर बारीक खाचा पाडल्या. माझी काच आजवर तीनदा बदलली, तरी मी मीच राहिलो. कसा, ते मलाही नीट सांगता येत नाही. काम झालं की वाफेच्या पेटीत कडक आंघोळ आणि मग कागदी पाकिटात झोप. माझा पहिला मालक वर्गात पहिला आला. "लकी आरसा आहे हा!" असं म्हणत जाताना त्याने मला एका नव्या विद्यार्थिनीला दिलं. मीही जरा शेफारलोच.

ही मुलगी अभ्यासात हुशार. पण माझ्यात बघून काम करायची वेळ आली, की तिचा हात भलतीकडे जायचा. मग ती मला गालाशी दाबून ठेवायची आणि मान वाकडी करून थेट दाढ बघायला जायची. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण म्हणायची, "अगं, दाढ बघतेयस की विहिरीत डोकावतेयस?" पेशंट अवघडायचे, वेळ संपायचा, काम अर्धं राहायचं. बरोबरीचे सगळे पुढे गेले. ती त्याच वर्षात दोनदा अडकली.

एके दिवशी तिला शिकवणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. मी अ‍ॅप्रनच्या खिशात होतो.

"ही शेवटची संधी. पुढच्या शुक्रवारी वरच्या शेवटच्या दाढेची कीड काढून ती भरायची. दीड तासात, आरशात बघून, मान सरळ ठेवून. पेशंट तूच आण. नाही जमलं तर कॉलेजातून नाव कमी होईल. मग माझ्याही हातात काही नाही."

घरी येताच तिने मला खणात फेकलं. "लकी म्हणे!" दोन दिवस मी खोडरबर आणि मोडक्या पेन्सिलींच्या सोबतीने काढले. माझ्यामुळेच तिचं वाटोळं होतंय, असं मला वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं आणि वडिलांच्या केशकर्तनालयात नेलं. दुपारी तिथे गिऱ्हाईक नसायचं. एका हाताने कप उपडा धरायला तिने वडिलांना सांगितलं आणि खालून माझ्यात बघत ती कपाच्या आत पेन्सिलने रेघा ओढू लागली. रेघा कुठच्या कुठे जात होत्या.

"काय गं, कपाला दाढा आल्यात का?" वडील म्हणाले.

"बाबा, चेष्टा नको. आरशात सगळं उलटं असतं ना? म्हणून उजवीकडे जायचं असलं की मी मुद्दाम डावीकडे जाते. तरी चुकतंच!"

वडिलांनी कप खाली ठेवला आणि तिला भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभं केलं.

"उजवा हात वर कर. आता समोर बघ. कुठल्या बाजूचा हात वर झाला?"

"उजव्याच बाजूचा."

"मग उलटं काय झालं? आता आरशाकडे बोट दाखव."

तिने बोट पुढे केलं. आरशातलं बोट तिच्याकडे वळलेलं होतं.

"उलटं होतं ते एवढंच. पुढचं मागे, मागचं पुढे. डावं ते डावंच राहतं. तीस वर्षं माझी मिशी मीच कापतोय. डावं मुद्दाम उजवं केलं असतं, तर एव्हाना नाक राहिलं नसतं!"

तिने पुन्हा एकदा उजवा हात वर करून पाहिला. मित्रांनो, खरं सांगतो, मी जन्माने आरसा असून मलाही हे ठाऊक नव्हतं.

मग रोज दुपारी कप आणि मी. रेघा सरळ होऊ लागल्या. पेशंट मात्र मिळेना. गुरुवारी वडील हळूच म्हणाले, "माझी वरची शेवटची दाढ महिनाभर गार पाण्याला ठणकतेय."

"महिनाभर? आणि सांगितलं नाही?"

"तुझ्या डोक्याला आधीच काय कमी ताप होता?"

शुक्रवारी वडील दुकान बंद ठेवून खुर्चीवर आडवे झाले. दिवसभर बोलणारा माणूस, तोंड उघडं आणि बोलती बंद! तिने मला त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला टेकवून कोमट केलं, म्हणजे श्वासाची वाफ काचेवर धरत नाही. काम सुरू झालं. पण पाण्याचा फवारा माझ्यावर उडाला, चित्र धूसर झालं आणि ती घाबरली. तिची मान हळूहळू वाकडी होऊ लागली.

तेवढ्यात वडिलांनी उजवा हात वर केला.

"थांब, त्यांना दुखतंय," मॅडम म्हणाल्या. वडिलांनी नकारार्थी मान हलवली, पण हात वरच ठेवला. मॅडमना काही कळेना. तिला मात्र कळलं. ती सरळ बसली, मला पुसलं आणि माझ्यात बघत उजवीकडे जायला हात उजवीकडेच नेला.

एक तास दहा मिनिटांत दाढ भरून झाली. मॅडमनी अणकुचीदार सळईने कड चाचपली. बराच वेळ चाचपली.

"मान दुखतेय का आज?"

"नाही, मॅडम."

"मग जमलं." आणि त्यांनी सही केली.

"हुश्श!" वडील उठून बसले. "आता बोलू का?"

आता ती डॉक्टर झाली आहे. कॉलेज सोडून जाताना तिने मला पहिल्यांदाच पेशंट तपासणाऱ्या एका मुलीच्या हातात ठेवलं. "हा लकी-बिकी काही नाही," ती म्हणाली. "कोरड्या कापसाने घासू नकोस, काचेला ओरखडे पडतात. आणि इकडे ये, उजवा हात वर कर बघू."

मित्रांनो, माझी काच जपा, एवढंच आजवर माझं मागणं असायचं. पण आता आणखी एक मागतो. कुणाचा हात सारखा चुकत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याला तिथून काय दिसतंय ते विचारा.