काटे कुणाच्या पोटातले?

दगडाला फेस आला आणि अख्ख्या गोदामात "आला, आला!" असा गलका उठला. काटेबाबानं दगड उंच धरला. फेस ओघळला तसे त्यावर बारीक, काळे, नखांसारखे वाकडे काटे दिसू लागले.

"बघा! बाईच्या पोटातला रोग दगडानं ओढला. चीर नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर कापतो, बाबा काढतो!"

मी कोपरं मारत गर्दीत घुसले, कारण पुढचाच नंबर माझ्या दादाचा होता. सकाळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करा. वहिनीनं ऑपरेशनचा धसका घेतला आणि त्याला इस्पितळाऐवजी इथे आणलं. शेजारणीकडून कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी पोचेपर्यंत बाबानं दादाच्या पोटावर दगड फिरवलाही होता. वरून बाटलीतलं मंतरलेलं पाणी. फेस, काटे, टाळ्या. आणि माझ्या नाकात शिरला रोजच्या कामातला आंबूस वास.

तेवढ्यात दादा ताठ बसला. "अगं, थांबलं! एकदम थांबलं दुखायचं!"

लोकांनी जयजयकार केला. मी दादाचा दंड धरला. अपेंडिक्स फुटलं की कळ कधी कधी अशीच अचानक थांबते आणि मग विष पोटभर पसरतं.

"दादा, ऊठ. इस्पितळात चल."

वहिनी आडवी आली. "आता कशाला? तुझ्या डोळ्यांदेखत काटे निघाले की!"

"ते दादाचे नाहीत, वहिनी."

"मग तुझे असतील," बाबा म्हणाला. "शंकेखोरांच्या जिभेलाच काटे असतात!" सगळे खो खो हसले.

वाद घालायला वेळ नव्हता. बाबाशेजारच्या टोपलीतला एक दगड मी उचलला, अजून कुणाच्याच पोटाला न लागलेला. त्यावर बाबाची बाटली रिकामी केली. फेस आला. काटेही आले.

"हा कुणाचा रोग, बाबा?"

"वस्तूंनाही दुखणी असतात, बाई."

"म्हणजे टोपलीचं अपेंडिक्स?" मागून कुणीतरी विचारलं.

मी दुसरा दगड नखानं खरवडला. पांढरी भुकटी उडाली. "हा चुनखडीचा लेप. आणि हे पाणी म्हणजे व्हिनेगर, वास घ्या. चुनखडीवर आंबट पडलं की ती फेसाळून विरघळते आणि खालचं उघडं पडतं. मी जीवाश्मांवर काम करते, तेही असेच साफ करतात."

"पण काटे तर खरे आहेत!" वहिनीचा आवाज चिरकला.

"खरेच आहेत. माकुळासारख्या, म्हणजे स्क्विडसारख्या, प्राण्यांच्या हातांवरचे आकडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या एका अजस्र सरपटणाऱ्या प्राण्यानं ते प्राणी गिळले. मांस पचलं, आकडे पचले नाहीत. त्याचा सांगाडा खाणीत निघतो तेव्हा बरगड्यांच्या आत या आकड्यांचा गच्च गोळा सापडतो, आजूबाजूच्या खडकात जवळजवळ एकही नाही. म्हणून आम्हाला कळतं, की हे त्याच्या पोटातलं जेवण आहे. बाबाचे दगड म्हणजे त्याच गोळ्याचे तुकडे. तो मेला तेव्हा माणूस जन्मालाही आला नव्हता, वहिनी. त्याच्या जेवणात दादाचा रोग कुठून येईल?"

वहिनीनं दगडाकडे बघितलं, मग दादाकडे. तो पांढराफटक पडला होता, घामानं निथळत होता.

"गाडी बोलव," ती म्हणाली.

अपेंडिक्स फुटलेलंच होतं. ऑपरेशन लांबलं. सर्जन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचलेत. घरी निजवलं असतंत तर वाचले नसते."

मला वाटलं, आता वहिनी रडेल. तिनं चपला घातल्या आणि तडक गोदाम गाठलं. मी मागोमाग धावले. निम्मी रांग अजून तिथेच होती. जुनी टोपली बाधलेली होती, ही नवी शुद्ध आहे, असं बाबा लोकांना पटवत होता आणि लोक माना डोलवत होते. मला संतापानं रडू आलं.

वहिनी टोपलीसमोर उभी राहिली. "माझ्या नवऱ्याचं पोट इथे दुखायचं थांबलं."

लोक टाळ्या वाजवायला सरसावले.

"थांबलं, कारण आत फुटलं होतं. काटे दगडात होते, पू त्याच्या पोटात होता. पोट दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. आणि इथे येऊन दुखायचं थांबलं असेल, तर पळत जा."