मंगळवारचा बांध

"आजोबा, नदीपलीकडच्या त्या म्हातारीवर तुमचं प्रेम होतं का?"

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणी मफाल्दा आणि सेलेस्त म्हणत होत्या, इरिया, तुझ्यात दमच नाही. घ्या!

विचारलं तेही भर बांधावर, मिन्यू नदीच्या खळखळाटात. म्हटलं, लाज वाटली तर आजोबांना 'ऐकू आलं नाही' म्हणता येईल.

बांध म्हणजे काठावरून पाण्यात घुसलेली दगडी भिंत. तिच्या फटीत जाळं लावलं की समुद्रातून वर चढणारे वामसारखे लांबडे लॅम्प्रे अडकतात. गावातल्या घरांनी बांध वारांवर वाटून घेतलाय. मंगळवार आमचा, आजोबांच्याही आजोबांपासून. नदी येते स्पेनच्या डोंगरांतून, पण इथे तिच्या मधोमध स्पेन आणि आमच्या पोर्तुगालमधली रेघ आहे. राजांनी ती आखली तेव्हाही बांध होतेच म्हणे. पलीकडे स्पेनवाल्यांचे बांध, इतके जवळ की ओरडून गप्पा होतात. आजोबा दर मंगळवारी तेच करतात, त्या म्हातारीशी, म्हणजे एर्मितासबाईंशी.

पण आता आजोबांचे गुडघे गेलेत. ओल्या दगडांवर पाय ठरत नाही. बाबाने ठरवलंय, आमचा मंगळवार शेजारच्या अबीलिओकाकांना देऊन टाकायचा. आजोबा लगेच "बरं" म्हणाले. इतकं लगेच की मलाच कसंतरी झालं.

आजोबांनी टोपी काढली, परत घातली.

"हे विचारायला कुणी शिकवलं?"

"मफाल्दाने."

"तिची आजीही अशीच चोंबडी होती." मग हसले. "होतं प्रेम."

मी किंचाळलेच.

"हळू! मासे पळतील."

"मग लग्न का नाही केलंत?"

"एकदा पलीकडच्या चॅपलपाशी भेटायचं ठरलं. सकाळी आठला. सीमेवरच्या गस्तीचा डोळा चुकवून नावेतून गेलो."

आता, पलीकडचं घड्याळ आमच्या एक तास पुढे असतं. आमचे सात म्हणजे त्यांचे आठ.

"तिच्या गावात जायचं, म्हणून मी तिचे आठ धरले," आजोबा म्हणाले. "आपल्या सातला पोचलो. तासभर थांबलो, मग गस्तीच्या भीतीने परतलो. आणि तिने माझे आठ धरले होते. ती आली तेव्हा मी नुकताच निघालो होतो."

"म्हणजे तुम्ही तिचं घड्याळ धरलंत आणि तिने तुमचं?"

"हो ना. दोघंही फार समजूतदार! त्याच आठवड्यात सैन्यातून बोलावणं आलं. मी गेलो आफ्रिकेत, अंगोलाच्या युद्धावर. परत आलो तर ती समोरच्या बांधावर नवऱ्याबरोबर जाळं ओढतेय. मग माझंही लग्न झालं. तुझा बाबा रांगायला लागला, तेव्हा कुठे एकदा तिने इकडे ओरडून विचारलं, 'आदेलिनो, त्या दिवशी आला का नाहीस?' तेव्हा घोळ कळला. दोन्ही काठ हसले. सगळ्यांत जास्त तुझी आजी."

"अहो, आता पूल आहे! गाडीने जा की भेटायला."

"पुलावरून गेलो की पाहुणा झालो. चांगला कोट घाला, केक न्या. तिची सून कॉफी करणार. आणि बोलायचं काय? इथे बरं असतं. पाणी चढलं, मासा आला, सांधे दुखतात."

तेवढ्यात पलीकडून एर्मितासबाईंची हाक आली, "आदेलिनो! आज बरोबर नात का?"

"हो! भारी आगाऊ आहे!"

"तुझ्यावरच गेलीये!"

आजोबांनी हात वर केला. मला वाटलं, आता सांगणार, की पुढच्या मंगळवारी मी नसेन.

"पाणी गढूळ आहे आज!" ते ओरडले.

"उद्या निवळेल!" त्या म्हणाल्या.

मग ते बराच वेळ जाळ्याची गाठ सोडत बसले. गाठ सुटलेलीच होती. मी दोरी त्यांच्या हातातून घेतली आणि जाळं ओढलं. बापरे, काय जड असतं ते! दोनदा आपटले, बूट पाण्याने भरले. आजोबा काठावर सरकून सूचना देत होते, "डावा पाय! तुझा डावा, बाई, माझा नाही!"

घरी आले तेव्हा आई-बाबा सूप पीत होते. मी ओल्या मोज्यांनीच टेबलाशी उभी राहिले.

"मंगळवार अबीलिओकाकांना द्यायचा नाही," मी म्हटलं. "बाबा, मासेमारीच्या परवान्यावर नाव तुझं, जाळं मी ओढणार, शाळेच्या आधी. आई, थंडीचं मला सांगू नकोस. आजोबांना काठावर कोरड्यात खुर्ची ठेवायची. ते फक्त पलीकडे ओरडतील. ठरलंय माझं."