साखळीला बांधलेली लाल पेन्सिल

मित्रांनो, तुमच्या करंगळीएवढी उरलेली एक जुनी लाल पेन्सिल आहे मी. मला अक्षरे येत नाहीत. एकच काम येते, नावापुढचा गोल रंगवायचे. नेदरलँड्समध्ये मत असेच देतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली वीतभर होते. उइटहॉर्नच्या नगरपालिकेने मला घेतले. मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत, आडोशामागे, मला साखळीने बांधतात. त्या दिवशी माझा केवढा मान! मग पुन्हा डबा आणि अंधार. त्या अंधारात मला स्वप्ने पडतात. दूरदूरच्या देशांतल्या रांगा दिसतात. हुकूमशहा नुकताच गेलेला असतो, माणसे ठेवणीतले कपडे घालून निघालेली असतात. रांग सरत नाही, आणि कोणी कंटाळतही नाही.

या स्वप्नांचे वेड मला मनुएल आजोबांनी लावले. ते मूळचे पोर्तुगालचे. मतदानाच्या दिवशी सकाळी येऊन गोष्टी सांगत आम्हा पेन्सिलींना टोक काढतात आणि मग दिवसभर रांगेपाशी कामाला असतात.

यंदा नगरपालिकेच्या निवडणुकीला रांगेत पुण्याचे एक जोडपे होते, सोबत त्यांची शाळकरी मुलगी सानिका. शुभदाला इथे पाच वर्षे झाली, आणि तेवढ्यावर परदेशी माणसालाही या निवडणुकीत मत मिळते, म्हणून पहिल्यांदाच तिच्या नावाने मतदानाचे पत्र आले होते. त्या पत्रामागे सही करून दिली, की आपल्या वतीने दुसराही मत देऊ शकतो.

"रांग बघ केवढी आहे," तिचा नवरा जयेश म्हणाला. "तू सानिकाला वर्गात सोड. मागे सही कर, तुझंही मीच देऊन टाकतो."

"आणि मला दुसऱ्याच कोणाला द्यायचं असेल तर?"

"आपल्यात काय वेगळं आहे?"

"मग भाजीवरून रोज काय होतं?" शुभदा हसली. पण तिचे पेन बाहेर निघाले होते. पाच वर्षे थांबून ती माझ्यापर्यंत पोचणारच नव्हती.

मनुएल आजोबांनी ते पेन पाहिले. मराठी त्यांना कुठले कळायला! ते सावकाश डचमध्ये म्हणाले, "सही करा की बाई, नियमात बसतं. मला आपली माझ्या आईची आठवण झाली. आमच्याकडची हुकूमशाही गेली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत फुलं खोचली, आणि वर्षाने पहिलं खरं मतदान आलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाबा म्हणाले, 'तू घरी थांब, तुझं मी बघतो.' आई म्हणाली, 'अठ्ठेचाळीस वर्षं माझं दुसरंच कोणी बघत होतं. आता मी बघते.' मी दहा वर्षांचा. दुपारपर्यंत तिचं बोट धरून रांगेत उभा होतो."

शुभदाने पेनाला टोपण लावले. "जयेश, सानिकाला तू सोड."

"अगं, माझी ट्राम!"

"पुढची मिळेल. आणि मत संध्याकाळी दे, नऊपर्यंत चालू आहे."

मग ती आडोशामागे आली. मला तिने इतके दाबून धरले, की गोल भरता भरता माझे टोक मोडले. तो कोणाच्या नावापुढचा, ते मी मुळीच सांगणार नाही.

मत पेटीत टाकून शुभदाने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि तशीच उभी राहिली.

"काय हवंय?" आजोबांनी विचारले.

"शाई," ती म्हणाली आणि लाजली. "आमच्याकडे बोटाला लावतात."

आजोबांनी इकडेतिकडे पाहिले. आडोशामागून माझे मोडलेले टोक शोधून आणले आणि तिच्या नखावर एक बारीक लाल रेघ ओढली.

साखळीत अडकण्याइतकी मी आता उरले नाही. आजोबांच्या खिशात असते. माझ्या स्वप्नातल्या रांगेत हल्ली शुभदाही दिसते, बोट पुढे करून उभी. मित्रांनो, मला जपून ठेवू नका. झिजवा. फक्त तुमच्या स्वतःच्या हाताने.