आतून कडी आहे का?

प्रांजलच्या शाळेतून डेन्मार्कला जाणाऱ्या दहा मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं आणि तिच्या बापाची, गव्हाणच्या बळीराम घरतची, झोप उडाली. जासईला त्याचे दोन ट्रेलर कंटेनर वाहत. कंटेनरच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर स्वतः वाचल्याशिवाय तो गाडी जागची हलू देत नसे. आणि आता चौदा वर्षांची पोर तीन आठवडे परक्याच्या घरी धाडायची!

त्यात फॉर्मवर त्या घरात माणसं दोनच. प्रांजलच्या वयाची फ्रेया आणि तिचा बाप. दिवाळीनंतर फ्रेया यांच्याकडे राहायला येणार, उन्हाळ्यात प्रांजल तिकडे जाणार.

"बायको कुठं गेली त्याची?" बळीरामनं विचारलं.

"मला काय ठाव? माजी मावसबहीण हाय का ती?" त्याची बायको शांती म्हणाली.

शेवटी स्नेहल टीचरनी शनिवारी दुपारी पनवेलला शाळेतच व्हिडिओ कॉल जोडून दिला. पडद्यावर तांबूस दाढीचा माणूस आणि शेजारी फ्रेया. भाषांतराला प्रांजल. बळीरामनं सुरुवात केली.

"घरात बाईमानूस नाय, मग पोर आजारी पडली तं तिच्याजवल कोन बसंल? घरी कोन येतं-जातं? तू दारू पितंस का?"

प्रांजल इंग्रजीत जेमतेम चार शब्द बोलली. समोरचा हसून मान डोलवू लागला.

"माजं एवढं लांब नि तुजं एवढुसं? दारूचं इचारलंस?"

"बाबा, असं नाही विचारत कुणाला."

"टीचर, तुमीच सांगा. एक पन शब्द गाळू नका."

टीचरनी चाचरत सगळं सांगितलं. दाढीवाल्याचं हसू मावळलं. घटस्फोट झालाय, तो म्हणाला. फ्रेयाची आई दोन गल्ल्या सोडून राहते, ती रोज येईल. शुक्रवारी दोन बिअर घेतो. मग त्यानं टेबलावरचा एक कागद उचलला. त्याचेही प्रश्न लिहून तयार होते.

"फ्रेया झोपेल त्या खोलीला आतून कडी आहे का?" टीचर सांगू लागल्या. "घरात पुरुष किती? आणि तुम्ही पिता का?"

बळीराम खुर्ची सरकवून उठला. "आमच्या घरावर संशय?"

शांतीनं त्याला कोपरानं ढोसलं. तो परत खुर्चीत बसला.

"मी नि माजा भाव दीपेश. भाव वरच्या माल्यावर झोपतं. कडी नाय, बसवून घेतो." बायकोकडे चोरून बघत तो पुढे म्हणाला, "पितं मी. हळदीला."

हळदीला म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीच्या नाचगाण्याला, हे समजावताना टीचरना घाम फुटला. दाढीवाल्यानं तेही लिहून घेतलं. ते लिहून घेणं मात्र बळीरामला पटलं.

मग बळीरामनं प्रांजल तिकडे झोपेल ती खोली दाखवायला लावली. न्हाणीघराची कडी दोनदा लावून उघडायला सांगितली. दाढीवाल्यानं मुकाट्यानं उघडली.

गाडीत प्रांजल रडवेली झाली होती. "सगळ्यांसमोर लाज काढलीत."

"काढली तं काढली."

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. तिनं वाचलं आणि नाक पुसलं. "फ्रेया विचारतेय, वर्षात हळदी किती असतात? तिच्या बाबांना कळायला हवंय."

"बरोबर हाय त्याचं," बळीराम म्हणाला.

फॉर्मवर सही मात्र त्यानं लगेच केली नाही. मंगळवारी, फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी, फ्रेयाच्या आईशी स्पीकरवर बोलणं झाल्यावर केली.