जाईच्या आत मोती

मित्रांनो, मी एक जुनी मोत्यांची मुंडावळ आहे. लग्नात जी नवरीच्या कपाळावर बांधतात आणि जिच्या सरी दोन्ही गालांशी लोंबतात, तीच मी. सध्या माझा मुक्काम न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्याला, मनोरमाबाईंच्या कपाटातल्या मखमली डबीत आहे. ओल लागू नये म्हणून बाई डबीत तांदळाचे दाणे टाकतात आणि सणासुदीला मला मऊ फडक्यानं पुसतात. मला अडगळीत टाकलं, माझे हाल झाले, असलं रडगाणं माझ्यापाशी नाही. माझी फार काळजी घेतली जाते. माणसांचं काय होतं, ते पुढे ऐका.

माझा जन्म साताऱ्याचा. मनोरमाबाईंच्या आईनं हौसेनं मोती जमवले आणि पटवेकराकडून ते रेशमात गाठवून घेतले. टोकांचे मोती त्यानं चांदीच्या बारीक तारेत ओवले. तो म्हणाला होता, "दोरा झिजला की आणा, पुन्हा गाठवून देतो. मोती तेच राहतील." तसं दोनदा झालंही. दोरा म्हणजे आमचा सदरा. फाटला की बदलायचा, त्याचं दुःख करत बसायचं नाही.

मी पहिल्यांदा मिरवले ती मनोरमाबाईंच्याच लग्नात. त्यांना पुढे शिकायचं होतं आणि घरच्यांनी त्यांना गोविंदरावांच्या गळ्यात बांधून दिलं. बोहल्यावर त्या इतक्या रडल्या की माझं रेशीम भिजून त्यांच्या गालाला चिकटलं. सासू शेजारणीला म्हणाली, "रडू दे की. सून रडल्याशिवाय घराला लागत नाही." मित्रांनो, हे वाक्य मनोरमाबाईंनी माझ्याइतकंच जपून ठेवलं.

त्यांना एकुलता एक मुलगा, रणजित. तो शिकायला न्यूझीलंडला आला. शिकता शिकता किवीच्या पॅकहाऊसमध्ये फळं निवडायचं काम करू लागला आणि तिथंच त्याची मिलेनाशी गाठ पडली. मिलेना कोलंबियाची. ती आता इथल्या रेस्ट होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. रणजितसाठी ती कामचलाऊ मराठी शिकली. लग्न ठरलं, तसे मनोरमाबाई आणि गोविंदराव मुलाकडे राहायला आले, आणि बाईंच्या पर्समधून मीही आले. सून परदेशी आहे याचा राग बाईंनी विमानात बसल्यापासून गिळला होता. गिळलेला राग पचत नाही, तो आत आंबतो.

पहिल्याच रविवारी बाईंनी मला डबीतून काढून मिलेनाच्या हातावर ठेवलं. तिचे डोळे चमकले. मग तिनं मला हळूच टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"आई, खूप ब्यूटिफुल आहे. पण आमच्याकडे ब्राइड मोती घालत नाही. जितके मोती, तितके टिअर्स. मी नाही घाबरत हं, पण माझी आई खूप घाबरेल."

मग तिनं तिकडची सगळी रीत समजावून सांगितली. तिची आई एल्विरा एक मांतिया घेऊन येणार होती. मांतिया म्हणजे डोक्यावरून पाठीवर सोडायची जाळीदार लेसची ओढणी. मिलेनाच्या पणजीनं ती स्वतः विणली होती आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक मुलगी तीच घेऊन लग्नाला उभी राहिली होती. ती डोक्यावर घालायचा मान आईचा. पाहुण्यांनी पांढरं नेसायचं नाही, तो रंग फक्त नवरीचा. आणि लग्न लागल्यावर बिनलग्नाच्या मुलांनी आपला एकेक बूट नवरीच्या झग्याखाली ठेवायचा. नवरा त्यातून एक ओढून काढतो, आणि ज्याचा बूट निघेल त्याचं लग्न पुढे.

"घामट बूट झग्याखाली चालतात," मनोरमाबाई म्हणाल्या, "आणि माझ्या आईचे मोती चालत नाहीत!"

मिलेना खळखळून हसली. तिला वाटलं, सासू थट्टा करतेय.

खरं सांगते, राग मलाही आला होता. इतक्या दुरून मी काय डबीत बसायला आले होते? पण गोविंदरावांनी तोड काढली. "अगं, माझ्या आईच्या लग्नात फुलांचीच मुंडावळ होती. शेजारच्या कुंपणावर जाई नुसती लगडलीय. तिची करू."

"स्वीट ॲज, बाबा! एकदम मस्त!" मिलेनानं टाळी वाजवली. "मग मी ती काढणारच नाही. दुपारी मांतियाच्या खालीसुद्धा ठेवीन. दोन्ही आया माझ्या कपाळावर!"

मनोरमाबाई म्हणाल्या, "बरं." बाईंचं 'बरं' मी ओळखते. ते ऐकून मी डबीत थंड पडले.

लग्नाच्या दिवशी उजाडताच बाई जाईची परडी घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. त्यांनी मला उलगडलं आणि माझ्या प्रत्येक सरीभोवती फुलं गुंफायला सुरुवात केली. मोती दिसेनासा होईपर्यंत फूल, फुलावर पुन्हा फूल. गोविंदराव चहा करायला आले आणि दारातच थबकले.

"मनोरमा, हे काय करतेस? पोरीनं विश्वासानं सांगितलं होतं ना?"

"मी मोत्यांवाचून बोहल्यावर चढले नव्हते. तीही चढणार नाही."

"तिला कळलं तर?"

"कळू दे. रडेल फार तर. मला कुणी विचारलं होतं?"

गोविंदरावांनी चहाचं आधण ठेवलं आणि त्यात आलं किसलं. माझ्या टोकाची एक तार तेव्हाच उसवून बाहेर आली होती. घाईत बाईंना ती दिसली नाही.

हॉलमध्ये सकाळी आपल्या पद्धतीनं लग्न लागलं. मिलेना पिवळ्या साडीत उभी होती. मला बांधताना ती म्हणाली, "आई, फुलं इतकी जड?"

"ओली आहेत ग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी गाठ जरा जास्तच करकचून मारली.

अक्षता पडल्या. पहिल्या रांगेत एल्विराबाई बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या. त्या लेकीकडे बघून हात जोडत होत्या आणि दर अक्षतेला मनापासून हसत होत्या. मनोरमाबाईही त्यांच्याकडे पाहून गोड हसल्या. केसानं गळा कापावा तो असा.

दुपारी मिलेना पांढरा झगा घालून आली. एल्विराबाईंनी घडी उलगडली आणि ती मांतिया लेकीच्या डोक्यावरून सोडली. मी तिच्या खाली होते, त्यामुळे मला ती अगदी जवळून पाहता आली. धाग्याधाग्यात पानं, पानापानात शिरा. आम्हा मोत्यांना कुणीही गाठवतं, पण ही लेस कुणीतरी डोळे फोडून घडवली होती. तिचा धागा बदलून मिळत नाही.

टेबलापाशी लग्न लावणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी "किया ओरा" म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं. शपथा झाल्या की नवरा-नवरीनं सही करायची आणि मग लग्न कायद्यानं पक्कं. डिसेंबर म्हणजे इकडचा उन्हाळा, ऊन काचेतून थेट डोक्यावर येत होतं. सकाळची जाई केव्हाच मलूल झाली होती. एक फूल गळलं, मग आणखी चार. एल्विराबाई लेस सारखी करायला पुढे झाल्या आणि त्यांचं बोट माझ्या मोत्याला लागलं.

त्यांनी फूल बाजूला केलं. पाहिलं. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "पेरलास." मोती.

मिलेनानं मनोरमाबाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही.

एल्विराबाई मला सोडवू लागल्या, पण माझी ती उसवलेली तार मांतियाच्या जाळीत शिरून बसली होती. त्या एकीकडून ओढायला लागल्या, तर मनोरमाबाई धावल्या आणि दुसरीकडून मला धरून बसल्या. "तोडू नका! माझ्या आईची आहे!" मध्ये मिलेनाचं कपाळ. तार त्यावरून ओरखडत गेली आणि रक्ताचा एक थेंब लेसवर उतरला. मग एल्विराबाईंनीच हात सोडला. लेस सारखी करायला म्हणून आणलेली छोटी कात्री त्यांनी पर्समधून काढली आणि रणजितच्या हातात दिली.

"रणजित, दोरा काप, मग तार अलगद निघेल," मिलेना मराठीत म्हणाली. "दोरा पुन्हा होतो. तूच सांगितलंस मला."

खरंच होतं ते. नुसता दोरा! मी ओरडून सांगितलं असतं, काप रे बाबा, मला काही होत नाही.

"दोऱ्याला कात्री लावलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," मनोरमाबाई म्हणाल्या.

रणजितनं आईकडे पाहिलं. वडिलांकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे बघत होते. मग त्यानं कात्री उचलली आणि लेस कापली. चर्र असा बारीक आवाज झाला. "सॉरी मिलेना, तुझ्यासाठी नवीन आणू, याहून भारी," तो म्हणाला.

मिलेना रडली नाही. तिनं मला कपाळावरून सोडलं, माझ्या सरी नीट एकत्र केल्या आणि मनोरमाबाईंच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. "घ्या, आई. तुटली नाही." मग सहीसाठी उघडून ठेवलेलं पेन तिनं टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि आईचा हात धरून ती हॉलच्या बाहेर गेली. ती आता ख्राइस्टचर्चला असते. रणजितचा फोन ती घेत नाही.

लेसचा एक तुकडा माझ्या तारेत अडकून राहिला होता. घरी आल्यावर बाईंनी तो चिमट्यानं उपसला, कचऱ्यात टाकला आणि मला पुसून म्हणाल्या, "वाचली बाई एकदाची." गोविंदरावांनी चहा केला. रणजितनं तो प्यायला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी तसं सांगणार नाही. आम्हाला जपणारे हात फार आहेत, आणि ते कुणाच्या कपाळावरून ओरखडत जातात याची त्यांना पर्वा नाही. आता इथल्याच अल्बनीच्या एका मराठी मुलीचं स्थळ आलं आहे, ईशा तिचं नाव. काल व्हिडिओ कॉलवर मनोरमाबाईंनी मला कॅमेऱ्यासमोर धरलं आणि ईशा म्हणाली, "अय्या, किती सुंदर!" रणजित शेजारी बसून हसत होता. मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी अल्बनीकडे राहत असेल, तर तिला गाठून एवढंच सांगा: हो म्हणण्याआधी त्या मुलाला विचार, हातात कात्री होती तेव्हा तू काय कापलंस?