विहिरीवर गेलेला दोर

"ह्या पोराच्या हाती नवं काई देऊ नोको, बाई. नवं त्याच्या अंगाले लागतच नाही," कवडूला माझ्याकडे सोडताना सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसले. मला वाटलं, कपड्यांबद्दल बोलताहेत.

कवडू माझा धाकटा दीर. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा बसायला साफ नाही म्हणाला. आमचे हे रेल्वेत गार्ड; त्यांचं म्हणणं, कारकुनी मिळण्यापुरतं तरी शिकावं. मीच मध्ये पडले. इथे भिलाईत एवढा कारखाना उभा राहतो आहे, हाताचं काम शिकू द्या की त्याला! झालं. कवडू एका ठेकेदाराकडे खलाशांच्या टोळीत लागला. हे खलाशी समुद्रावरचे नव्हेत. लोखंडाच्या तुळया दोरांनी वर चढवून जागेवर बसवणारे. आधी हेल्परी करायची, मग टेस्ट द्यायची, पास झालं की पक्का खलाशी.

"भावजय बी.ए. अन् देर खलासी," शेजारच्या ठकूबाईंनी सुनावलंच.

कवडूला त्याचं काही नाही. उलट मलाच विचारतो, "तुमची बी.ए. किती उंच हाय, वैनी? मी आज साठ फुटावर बसून भाकर खाल्ली."

साठ फूट! लेक रांगायला लागल्यापासून मला घराच्या उंबरठ्याचीसुद्धा धास्ती वाटते.

ठेकेदाराने त्याला बूट दिले, कमरेचा पट्टा दिला, पट्ट्याला जाड नवा दोर आणि वर तुळईला अडकवायचा आकडा. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत गेले. "पोरगी पाहाले जाईन तवा घालीन." आणि तोवर? तोवर अनवाणी. "बुटात पाय आंधळा होते, वैनी." मी भांडले, ह्यांच्याकडे तक्रार केली, हे म्हणाले, अंगवळणी पडेल. काय अंगवळणी पडेल, पडणं? पण पट्टा रोज कमरेला दिसायचा, म्हणून मी गप्प बसले. पट्टाच तेवढा बघत होते मी.

एके दिवशी हे राजहऱ्याच्या खाणीकडच्या मालगाडीवर गेलेले. लेकीला निजवायला मी आत गेले, तर पाळणा जमिनीवर. आतलं लुगडं नीट घडी करून ठेवलेलं, वरची कडी मोकळी, दोर गायब. चोर कधी घडी घालतो का? मी तशीच ठकूबाईंकडे गेले. त्यांचे यजमान देवाजी कवडूच्याच ठेकेदाराकडे, दुसऱ्या पाळीला.

"कवडूनं नेला असन," त्या शांतपणे म्हणाल्या. "नवा फोरमन आला ना. तो म्हणते, दोर दाखव, मंगच चढ."

"अहो, पण त्याचा स्वतःचा दोर कुठे गेला?"

"आता! तुमाले माईतच नाही काय? तो दोर गावाले गेला ना. तुमच्या वस्तीच्या विहिरीवर. बादली कशी सरसर येते म्हणते."

ती विहीर आमच्या लोकांनी स्वतः खणलेली. बौद्ध झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. गावच्या विहिरीपाशी कोणी वरून पाणी घालेल म्हणून ताटकळायला नको, म्हणून. आता ह्यावर रागवायचं तरी कसं? रागावले, पण नीट जमेना.

आणि पाळण्याचा दोर कडीपाशी झिजलेला होता. बदला, बदला म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते. लेकीचं वजन तोलताना करकरायचा तो.

लेकीला कडेवर घेतलं आणि कारखान्याचं गेट गाठलं.

"पास?" गेटवाल्याने विचारलं.

"मेरा देवर ऊपर है."

"सबके देवर ऊपर ही हैं, बाई."

तेवढ्यात दुसऱ्या पाळीला देवाजी आले. मी म्हटलं, "कवडूला सांगा, दोर झिजलेला आहे, उतर."

"दोराचं सांगून तो नाही उतरत. हासन."

"मग सांगा, वहिनी खाली उभी आहे. लेकीला घेऊन."

ऊन डोक्यावर, लेक रडून रडून लाल. कवडू पळत आला, अनवाणी, ओठ सुकलेले. "काय झालं, वैनी? पोरीले काय झालं?"

 चार लोकांसमोर मी त्याच्या पट्ट्याचा दोर सोडला आणि झिजल्या जागी पीळ उकलला. दोन पदर आपोआप सुटले. तिसरा ओढला, तोही गेला. दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली.

त्याने टोकं उलटसुलट करून पाहिली.  मला वाटलं, चला, उजेड पडला.

"पण विहिरीवरचा नाही आणाचा हं, वैनी," तो म्हणाला.

काय करावं अशा माणसाचं? फोरमन ओमप्रकाशने आई-बाप काढून दुसरा दोर दिला. पुढे कवडू टेस्ट पास झाला. आता पक्का खलाशी आहे, टोळीबरोबर खुर्सीपारच्या झोपड्यांत राहतो. दोर वापरतो म्हणतो. मीही विश्वास ठेवला असता. पण मागल्या आठवड्यात हे गावाहून आले ते कौतुक करत: माझ्या नणंदेला, ललिताला, मुलगा झाला, घरात नवा पाळणा टांगलाय, दोर कसा, हत्ती बांधावा असा!

ह्यांना अजून कळलेलं नाही, तो दोर कुणाच्या पट्ट्याचा असेल ते.

मला आता दिवस भरत आलेत. गेटपर्यंत जाणं होत नाही. तुम्ही दुसऱ्या फर्नेसच्या बाजूने जात असाल तर तेवढं वर बघा. अनवाणी, डोक्याला लाल गमछा, तो आमचा कवडू. पट्ट्यावर जाऊ नका, पट्टा असेलच. पट्ट्यापासून पुढे दोर कुठे जातो ते बघा. नसला, तर दोराचं बोलू नका, हसेल. खालून एवढंच ओरडा, वहिनी खाली उभी आहे.